साठ मानसांचं लगीन

होळी झाली की आमच्या वस्तीवरच्या सडकेनं मांडववाल्यांच्या टेम्पोची रीघ लागती. लाल खुर्च्या एकावर एक, पत्र्याची कमान, तिच्यावर प्लास्टिकची फुलं, आन् मागं डीजेचं डबडं. त्येचा आवाज आला की आमची आंधळी शेळी खुट्याभवती गोल फिरती. ऊन आसं पडतंय की बाभळीची सावली बाभळीच्या बुडातनं हालत न्हाई. लिंबाला मोहर, मातीला भाजल्याला वास, आन् समद्यांच्या तोंडी तिथी, मुहूर्त, आचारी. लोक म्हनत्यात लगीनसराई आली. मी म्हनते याड आलं.

लगीनसराई आली की मला एकच साल आठवतं. चार सालामागलं, माझ्या नातीच्या लग्नाचं. लगीन झालं एका दिसात, पन त्येची तयारी चालली पौषापास्नं फाल्गुनापत्तुर, आन् जे व्हायचं ते त्या तयारीतच झालं. लग्नाच्या दिशी काय, नुसता वारा हुता.

नात म्हंजी आरती. माझ्या सोपानची एकुलती एक पोरगी. पुन्यात कंप्युटरवर काम करती. तिथंच तिला पलूसचा पोरगा भेटला, ऋतुराज. पलूस सांगलीकडं, किस्नेच्या पान्यावरचं गाव, बारा महिनं हिरवं. त्येंच्याकडं ऊस उभा ऱ्हातो. आमी म्हसवडच्या वरल्या अंगाची मेंढकं, आमच्याकडं मानूसच उभा ऱ्हातो, आभाळाकडं बगत. पोरानं पोरगी पसंत केली, पोरीनं पोरगा, आन् दोन्ही घरच्यांनी मुंड्या हालवल्या. मला कुनी इचारलं न्हाई. म्हाताऱ्या मानसाला आता फोटो काढतानाच बोलवत्यात, इकडं बघ आजी म्हनून.

पौषात आरती घरी आली ती दोन खोकी घिऊन. सोप्यात सतरंजी टाकली आन् खोकी उपडी केली. मला वाटलं भांडी असतील, लुगडी असतील. शिंपलं निगालं. भोकं पाडल्यालं शिंपलं, दोऱ्यात ववायचं. सुतळीची बंडलं, गोनपाटाच्या पट्ट्या, लाकडाच्या चकत्या, रिकाम्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या. म्या इचारलं, भंगारवाल्याला द्याचं हाय का हे. ती हसली. म्हनली, आजी, हे डेकोरेशन आहे. लग्न समुद्रकिनारी करायचं, अगदी घरगुती, आणि सगळं आपल्या हातानं केलेलं.

हातानं केल्यालं. ह्यो शबूद तिनं आसा काढला जसं द्येवाचं नाव. ज्येनं जलमभर समदं हातानंच केलंया त्येला इचारा की त्यात काय गोडी हाय. शेन हातानं, पानी हातानं, मेंढराच्या खुरातला काटा हातानं, अडल्याल्या मेंढीचं कोकरू हात घालून बाहीर काढायचं ते पन हातानं. मशीन यावं, नळ यावा, चक्की यावी म्हनून आमच्या बायांनी सिद्धनाथाला नवस केलं. समदं आलं, आन् मंग ह्या पोरींना हात आठवला.

गोनपाटाच्या पट्ट्या खुर्च्यांच्या पाठीला फुलासारख्या बांधायच्या हुत्या. पावसाचं आमी गोनपाटाची खोळ डोक्यावर घ्यायचो, कारन दुसरं काय नव्हतं. त्येचा वास केसातनं आठ-आठ दिस जायचा न्हाई. आरतीनं ते पुन्यातनं इकत आनलं हुतं, आन् सतरंजीवर बसून त्येला इस्त्री करत हुती. इस्त्री केल्यालं गोनपाट म्या ह्या डोळ्यांनी बगितलं. पत्रिका पन घरीच लगदा वाटून केल्याल्या, कागदात फुलाच्या पाकळ्या दाबल्याल्या. आमच्या शाळेच्या भितीचं पोपडं सुटत्यात तसला कागूद. सोपान चष्मा लावून उलटी-पालटी करून बगायचा आन् म्हनायचा, बढिया हाय. त्यो सतरा वर्सं फौजेत हुता, बढिया त्येला सवयीनं येतं.

मंग ती माझ्याकडं वळली. आजी, तू मला लोकरीचे गोंडे करून दे. काळं-पांढरं मिळून एकशे वीस. मांडवाच्या दोऱ्यांना लावायचेत. आणि साठ कंकणं.

कंकण आमच्यात लोकरीचंच असतंय. घरच्या मेंढराची लोकर, घरच्या बाईनं कातल्याली, हळदीत भिजवायची, मंग नवरा-नवरीच्या मनगटाला हळकुंडासंगं बांधायची. दोघास्नीच. आरतीला ती साठ पाव्हण्यांना बांधायची हुती, आठवन म्हनून. म्या म्हनलं, साठी जनं एकाच पोरीशी लगीन लावत्यात व्हय. सोपान हसला. ती न्हाई हसली. म्हनली, आजी, तुला कळत नाही, हा पर्सनल टच असतो.

कातलं म्या. का कातलं म्हनाल तर हात रिकामा ठिवायची सवय न्हाई. सकाळी उनाला बसायचं, लोकर पिंजायची, टकळी मांडीवर फिरवायची. लोकरीचा वास हाताला, लुगड्याला, भाकरीला. आरती समोर बसून शिंपलं ववायची. तिची बोटं मऊ, सारखी सुई टोचून घ्यायची आन् मंग बोट तोंडात. ती त्या शिंपल्यांकडं आशी बगायची की मला इचारावं वाटायचं, बये, तू समुद्र बगितलायस तरी का. बगितला हुता तिनं. सुटीला गाडीनं गेली हुती, मासं खाल्लं हुतं, पायावर लाट घेतली हुती. ह्यालाच ती समुद्र म्हनत हुती.

मी समुद्र बगितला तो पाठीनं. दिवाळी सरली की आमचा वाडा निघायचा. वाडा म्हंजी घर न्हवं. मेंढरं, चार-पाच घरची मानसं, दोन घोड्या, कुत्री, आन् घोड्यावर बांधल्यालं कोंबड्यांचं खुराडं, हे समदं मिळून वाडा. म्हसवड सोडायचं, चालत चालत पाटण, मंग कोयनानगर. कोयनेला कवा कवा जमीन हालायची. आमच्या आधी मेंढरांना कळायचं, समदी एकदम उभी ऱ्हायची, चरनं थांबायची, आन् मंग पायाखालनं गाडी गेल्यागत व्हायचं. तिथनं घाट उतरून खाली कोकणात. भात काढल्याल्या खाचरात मेंढरं बसवायची, त्येंच्या लेंड्यांचं खत शेताला, आन् त्येच्या बदल्यात आमाला भात. खाचराच्या फुडं माडाची रांग, रांगेच्या फुडं समुद्र. पन मेंढरू नजरेआड हून चालत न्हाई, म्हनून आमी बाया समुद्राकडं पाठ करून बसायचो. दिसभर मागनं आवाज यायचा. मला त्यो आवाज म्हंजी कुनी तरी सारखं जातं दळतंय आसा वाटायचा, आन् दळून पीठ काय पडत न्हाई.

सोपान तिथंच झाला. माघ महिना. तीन काठ्यांवर घोंगडं टाकल्याला आडोसा, खाली अर्धी वाळू अर्धी माती. माझा मालक मेंढरामागं गेल्याला. जवळ कोंडाबाई एकटी. कोंडाबाई म्हंजी आमच्या वाड्यातलीच, माझ्या वयाची, शेजारच्या घरची. तिनं इळा चुलीत लाल केला, नाळ कापली, सोताच्या लुगड्याचा काठ फाडून बांधली. दुसऱ्या दिशी वाडा हालला. बाळंतीन हाय म्हनून मेंढरं थांबत न्हाईत. कोंडाबाईनं तिचा बोजा घेतला, माझा घेतला, आन् माझ्या हातात नुसतं पोर दिलं. आसं तिनं चार मुक्काम केलं. एका सबदानं बोलून दाखीवलं न्हाई, त्या दिशी न्हाई, फुडं न्हाई.

तर त्या पौषात, शिंपलं ववता ववता, आरतीनं पाव्हण्यांची यादी वाचून दाखीवली. यादी पन त्या खरबुड्या कागदावर. समदी मिळून साठ मानसं. तीस त्येंची, तीस आपली. आपल्यात मी, सोपान, सून, आरतीचं मामा-मामी, मावशी, आन् बाकी तिच्या हाफिसातल्या पोरी. मी टकळी फिरवत ऐकत हुते. यादी सपली. मी म्हनलं, कोंडाबाईचं नाव वाचायचं ऱ्हायलं. ती म्हनली, ऱ्हायलं न्हाई, आजी. वस्तीवरलं कुनीच न्हाई. छोटं लग्न आहे.

आमच्याकडं लगीन ठरलं की घरची थोरली बाई तांदळाला हळद-कुक्कू लावती, ताट घेती आन् उंबरा न् उंबरा फिरती. पहिली अक्षत सिद्धनाथाला, मंग वस्तीला. चिमूटभर तांदूळ उंबऱ्यावर ठिवलं की त्या घरातल्या समद्यांनी यायचं. आन् ज्येच्या उंबऱ्यावर ठिवलं न्हाई त्येच्याशी नातं तुटलं. त्येला भांडावं लागत न्हाई, शिव्या द्याव्या लागत न्हाईत. अक्षत चुकली, सपलं. वस्तीवर बावीस उंबरं. बावीसच्या बावीस चुकवायचं चाललं हुतं, आन् त्यात पहिला उंबरा कोंडाबाईचा.

सोपानचं तोंड उतारलं. त्येनं इचारलं, हे कुनी ठरवलं. आरती खाली बगून म्हनली, पलूसच्या लोकांना छोटंच हवंय. मला तवाच पटलं. ऊसवाल्यांना मेंढकं सोयरी म्हनून दाखवायची लाज. गावात लगीन केलं तर भावकी बगंल, फेटं बगंल, घोंगडी बगंल, वास घिईल. म्हनून नेलं समुद्रावर, जितं कुनी वळखीचं न्हाई. घरगुती म्हनं. झाकायचं असलं की आता घरगुती म्हनत्यात. मी त्या आबासाहेबाला, म्हंजी ऋतुराजच्या बापाला, बगितलं पन नव्हतं, तरी त्येचं तोंड मला डोळ्याफुडं दिसाय लागलं, उसाच्या रसावर पोसल्यालं. गोंड्याच्या एकेका गाठीला म्या त्येला शिव्या घातल्या.

सोपान म्हनला, उद्या पलूसला जातो. तोंडावर इचारतो, की तुमाला आमची पोरगी चालती आन् आमची मानसं चालत न्हाईत का. न्हाई जमत तर आत्ताच मोडू. त्येनं हे शांत सांगितलं. फौजेतला मानूस शांत बोलला की समजायचं, त्यो निगालाच.

दुसऱ्या दिशी दिस उगवायला मी मेंढरांच्या जाळीपाशी हुते. पाठीमागनं आरती आली. अंगावर शाल, पाय अनवानी, डोळं सुजल्यालं. जाळीला धरून हुबी ऱ्हायली. मंग म्हनली, "आजी, बाबांना थांबव. पलूसचे लोक काही बोललेले नाहीत. यादी मी केलीय."

मी कोकराला दूध पाजत हुते.

"त्यांना एवढंच माहितीय की बाबा आर्मीत होते," ती म्हनली. "पुढचं मी सांगितलं नाही."

"फुडचं म्हंजी काय?"

ती जाळीकडं बगाय लागली. आत तिच्या बापाची शंभर-सव्वाशे मेंढरं हुती. फौजेतनं आल्यावर त्येला पुन्यात वाचमनची नोकरी मिळत हुती. त्यो म्हनला, दुसऱ्याचं दार राखन्यापरास माझी मेंढरं राखीन. बापाचा कळप त्येनं पुन्ना हुबा केला. आरतीची शाळा, कालीज, पुन्यातली खोली, समदं त्या जाळीतनं गेलं.

"ऋतुराजला सांगितलं, मुलीकडच्यांनाच छोटं हवंय, असं तुझ्या घरी सांग," ती म्हनली. "सगळी वस्ती फेटे बांधून, घोंगडी घेऊन तिथं आली की माझ्या ऑफिसचे लोक, त्याच्या घरचे... मला नाही जमणार, आजी."

मला राग आला न्हाई. राग यायला मानूस बरोबरीचं लागतंय. मला ती एकदम ल्हान दिसली, लांबच्या माळावर मानूस दिसतंय तशी. एवढं शिकून, एवढं कातून-पिंजून तयार झाल्याली पोरगी, आन् तिला भ्या कशाचं, तर घोंगड्याचं. इतकं दिस ती माझ्यासमोर बसून मेंढराच्याच लोकरीचं गोंडं मोजत हुती. लोकर पायजे. मेंढरू नगं, मेंढरामागचं मानूस तर नगंच. आन् मी आबासाहेबाला शिव्या घालत बसले हुते. माझी पन लाज वाटली मला. घरातला वास वळखू आला न्हाई आन् मी पलूसचा हुंगत बसले.

तिकडं सोपान गाडी पुसत हुता. मी गेले. त्येला खरं सांगितलं असतं तर त्येनं पोरीला काय केलं नसतं. त्यो नुसता त्या जाळीकडं बगत बसला असता, आन् दुसऱ्या म्हैन्यात कळप इकला असता. माझ्या पोराला मी वळखते. म्हनून मी म्हनलं, "पलूसला जाऊ नगं. त्येंचं काय न्हाई त्यात. म्याच आरतीला सांगितलंया, साठाच्या वर मानूस नगं म्हनून. मला म्हातारीला आता गर्दी सोसत न्हाई."

"आन् कोंडामावशी?"

"ती आली की समदी वस्ती आली."

त्येनं माझ्याकडं बगितलं. पहाऱ्यावर झोपल्याल्या शिपायाकडं बगावं तसं. फडकं गाडीवर टाकलं. "ठीक है," म्हनला. राग आला की त्यो हिंदी बोलतो. त्या दिसापास्नं माझ्याशी तो हिंदीच जास्ती बोलतो.

त्याच दिशी मी वस्तीवर फिरले. बावीस उंबरं, रिकाम्या हातानं. आसं आमच्याकडं कवा कुनी केलं नसंल. एकतर अक्षत घिऊन जायचं, न्हाई तर जायचंच न्हाई. मी गेले, हुबी ऱ्हायले, सांगितलं, की आरतीचं लगीन ठरलंय, समुद्रावर हाय, तुमी येऊ नगा, मला गर्दी सोसत न्हाई, ह्यात सोपानचं काय न्हाई आन् पोरीचं काय न्हाई. कुनी पानी इचारलं, कुनी दार लोटून घेतलं. एका सुनंनं म्हातारीला चळ लागलाय म्हनून दिराला सांगितलं, मी अजून अंगनात असतानाच. बरं वाटलं मला. चळ लागल्यालं मानूस सोपं.

कोंडाबाई हुलगं निवडत बसली हुती. माझ्या हाताकडं बगितलं तिनं, मंग तोंडाकडं. मी पाठ केल्यालं समदं बोलून दाखीवलं. ती सुपातनं खडं काढतच ऱ्हायली.

"हौसे," ती म्हनली, "तुला गर्दी सोसत न्हाई? बारा वर्सं एका घोंगड्यावर माझ्या अंगावर पाय टाकून झोपलीस की गं."

"तवा सोसत हुती."

तिनं सूप पाखाडलं. फोलपटं माझ्या पायावर उडाली. तिनं म्होरं काय इचारलं न्हाई, आन् मी बसले न्हाई.

लगीन फाल्गुनात झालं. गाडीनं कोयनेचा घाट उतरताना मी डोळं मिटून घेतलं. ज्यो रस्ता पायानं तीन दिसाचा, त्यो गाडीत बसून उलट्या करत दोन तासात सपला. खाली वाळूत मांडव घातला हुता. मुहूर्तमेढ वाळूत हुबी राहीना म्हनून सिमीटच्या बादलीत रोवल्याली. बादलीतला संसार. शिंपल्यांच्या माळा वाऱ्यानं एकमेकीत गुतल्या, आन् हाफिसातल्या पोरी त्या सोडवत बसल्या. खुर्च्यांवर दगडं ठिवल्याली, त्येच्यावर रंगानं एकेकाचं नाव. माझा दगूड मला वाचता येईना, सुनंनं हाताला धरून बसवलं. समद्या खुर्च्यांची तोंडं समुद्राकडं. माझी मान सारखी मागं वळायची. मागं काय नव्हतं, गाड्या हुत्या.

साठी जनांच्या मनगटाला कंकण बांधलं. कुनीतरी बाईनं आरतीला इचारलं, किती गोड, कुठून घेतलं. आरती म्हनली, आजीनं केलंय, तिला आवड आहे, वेळ जात नाही ना तिचा.

आवड.

जेवनं चालली तवा आबासाहेब माझ्याशेजारच्या खुर्चीवर यिऊन बसला. मी ठरवल्यालं त्येचं तोंड तसलं नव्हतं. वाळका, उन्हानं भाजल्याला मानूस, डोक्यावर टोपी, हातात ताट. ताट मांडीवर ठिवलं आन् मनगटावरलं कंकण दोन बोटात धरून चोळाय लागला.

"आवं आई, ही लोकर माणदेशातली. व्हय ना?"

म्या व्हय म्हनलं.

मंग त्यो बोलत सुटला. की त्येच्या ल्हानपनी दिवाळीनंतर माणातलं मेंढकं त्येंच्या रानात वाडा घिऊन बसायचं. की त्येच्या थोरल्या भावाच्या लग्नात त्या मानसांनी ढोल वाजवलं, झेंडू बांधून ढोलाभवती गजीचा नाच नाचली, फुफाटा मांडवावर चढला हुता. तसं लगीन त्येच्या घरात फुडं झालं न्हाई. आरतीच्या घरचं मेंढकं हायत आसा त्येला वास आला हुता, पन इचारावं कसं म्हनून गप ऱ्हायला. पोराला म्हनला, ढोल आनू या का, तर पोरगा म्हनला, पोरीकडच्यांना ल्हानच पायजे.

त्येला आमची आठवन गोड हुती. हुनारच. खत त्येच्या रानात पडलं आन् थंडीत आमी पडलो. नाचताना बगितल्याला मानूस समद्यांनाच आवडतो. पन खोटं त्येच्या तोंडात नव्हतं, हे बी खरं.

"तुमची मानसं कुटं हायती?" त्येनं इचारलं. "मी वाट बगत हुतो."

आरती पान्याचा गिलास घिऊन माझ्या मागं हुबी हुती. तिनं समदं ऐकलं. सोपान लांब, गाडीपाशी ड्रायव्हरला ताट देत हुता. मी म्हनलं, "म्याच नगं म्हनलं. मला गर्दी सोसत न्हाई."

त्यो बरं म्हनला आन् जेवाय लागला. ज्येच्यापायी पोरीनं वस्ती झाकली, त्यो मानूस वस्तीच हुडकत बसला हुता. एवढी शिकल्याली पोरगी, आन् एक मानूस इचारून बगितला न्हाई तिनं.

निगायच्या येळंला आरती माझ्याजवळ आली. हळदीचा हात, डोळ्यातलं काजळ गालावर. म्हनली, आजी, मी येते वस्तीवर, कोंडाआजीला सगळं खरं सांगते. रडत हुती. रडू तिला आधीपास्नंच लवकर येतंय.

"सांगशील," मी म्हनलं, "मोकळी हुशील, आन् पुन्याला जाशील. तुझा बाप हितंच ऱ्हानार हाय. त्येला वस्तीनं सांगावं व्हय, की त्येच्या लेकीला त्येची लाज वाटती?"

तिनं तोंड मिटलं. तवा मिटलं ते अजून मिटल्यालंच हाय. तेवढं मातर तिनं चांगलं केलं.

चार लगीनसराया झाल्या. आरती नवऱ्यासंगं येती, कोकरू कडेवर घिऊन फोटो काढती, फोनवर टाकती. लोक बदाम पाठवत्यात म्हनं. आता मेंढरं चांगली झाली. आता त्येच्याखाली बाप मेंढपाळ आसं पन लिवती, सुनंनं मला वाचून दाखीवलं. सोपान त्यो फोटो बगून दिसभर खूश असतोय. असू दे. पोरगी सुधारली म्हनत्याल कुनी. मी म्हनते, वारं फिरलं तशी फिरली, उद्या पुन्ना फिरंल.

वस्तीवर लग्नं हुत्यात, मला वाजाप ऐकू येतं. माझ्या सोप्यात सून असती, सोपान असतो, त्येंना बोलवनं येतं फोनवर. माझ्या नावानं उंबऱ्यावर काय पडत न्हाई. रस्त्यानं कुनी भेटलं तर रामराम घेत्यात, थांबत न्हाईत. सोपान लग्नाला जातो आन् यिऊन मला काय सांगत न्हाई. मी पन इचारत न्हाई कितीक पंगती उठल्या.

ह्या साली कोंडाबाईच्या नातवाचं लगीन. परवा सकाळी मी ववरीत ज्वारी पाखडत हुते. ताट घिऊन कोंडाबाई शेजारच्या दारात दिसली. आता तिला काठी लागती. वाकून तांदूळ ठिवलं, कंबर धरून उठली. मला वाटलं, आता आमचं घर सोडून म्होरं जाईल. ती आमच्या अंगनात आली. उंबऱ्यासमोर हुबी ऱ्हायली. ताट एका हातात, काठी एका हातात. जाळीपाशी सोपान मेंढरांची लोकर कातरत हुता, त्येनं मान वर केली. कातर थांबली.

"मरायला टेकलो आपुन दोघी," कोंडाबाई म्हनली. "आता तरी खरं सांग. आमी कुनाला नको हुतो?"

तिची नजर माझ्यावरनं हालत नव्हती. सोपान ऐकत हुता, पाठ आमच्याकडं करून.

"मला," मी म्हनलं.

तिनं तांदळाला हात लावला न्हाई. मंग ताट सावरलं, काठी टेकली आन् म्होरल्या दारात गेली. जाळीपाशी कातर पुन्ना चालू झाली.